आधी खोलीचं तापमान लिहा: नागपूरच्या घरातला पीसी तपासणं, तोलणं, सुधारणं

दोन पीसीवाले भेटले की बोलणं प्रोसेसरच्या नावावरून सुरू होतं. तुझा सेकंड जनरेशन, माझा ट्वेल्थ. तुझ्यात आठ जीबी, माझ्यात सोळा. या हिशेबातून एक आकडा नेहमी गळतो, तो म्हणजे मशीन ज्या खोलीत ठेवलंय तिथलं तापमान. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश ही रोजची गोष्ट असते. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. अशा गावात जानेवारीत घेतलेला वेगाच्या चाचणीचा स्कोअर मे महिन्यातल्या स्कोअरसमोर ठेवला तर त्यातून काहीच कळत नाही.

हिशोब सोपा आहे. हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. समजा जानेवारीत खोलीत २० अंश आहेत आणि पूर्ण लोडवर प्रोसेसर ६८ ला जातो. फरक झाला ४८. तेच मशीन, तोच पंखा, प्रोसेसर आणि हीटसिंक (त्यावरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा) यांच्यामधली तीच पेस्ट असेल तर दुपारी कूलर बंद असताना खोली ३८ वर गेली की प्रोसेसर ८६ ला पोचणार. प्रत्यक्षात एखाद-दोन अंश जास्तच, कारण चिप तापली की तिला वीजही थोडी जास्त लागते. आता पंख्यात धूळ बसून हा फरक ४८ चा ६० झाला असेल तर थंडीत ते कळणारच नाही, ८० वर काम चालून जाईल. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तेच मशीन ९८ ला भिडेल आणि वेग आपोआप कमी करेल. मग घरचे म्हणतात, 'पीसी जुना झाला, नवीन घ्या.'

म्हणून तुलना याच फरकाची करायची. दोन मशीन वेगवेगळ्या घरांत असली तरी चालतात, फक्त प्रत्येकाच्या आकड्याशेजारी खोलीचं तापमान लिहिलेलं हवं.

मोजायचं कसं

साधा भिंतीवरचा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या समोरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे, फूटभर अंतरावर ठेवा. मागे ठेवू नका, तिथे मशीनचीच गरम हवा येते. एचडब्ल्यूइन्फो हा आतलं तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाका आणि सुरू करताना 'फक्त सेन्सर' हा पर्याय निवडा. पीसी चालू करून वीस मिनिटं काही न करता सोडा आणि रिकाम्या मशीनचं तापमान लिहा. मग प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणाऱ्या सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची मल्टिकोर चाचणी लावा. स्कोअर, सगळ्यात जास्त तापमान आणि शेवटच्या दोन मिनिटांतला कोअरचा वेग, असे तीन आकडे लिहा. तिसरा आकडा लोक सोडून देतात आणि खरी गोम तिथेच असते. पहिल्या मिनिटाला ३.३ गिगाहर्ट्झ आणि नवव्या मिनिटाला २.४ दिसलं तर मशीन दम खातंय. तो दोष प्रोसेसरच्या वयाचा नाही.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये कधीकधी 'ऑक्सटिन' नावाच्या ओळीत १२७ अंश दिसतात आणि लोक घाबरतात. मदरबोर्डवर त्या जागी सेन्सरच जोडलेला नसतो, नुसतं टोक लोंबत असतं, म्हणून काहीही आकडा येतो. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातम्या झाल्या, आणि मग सेन्सरचा दोष निघाला. मोठ्या यंत्रणेचं असं होतं, मग मदरबोर्डचं काय घेऊन बसलात! 'सीपीयू पॅकेज' ही ओळ बघा, बाकीच्या सोडा.

ज्या तापमानाला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो ती मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते. आय-५ १२४०० ची १००, रायझन ५ ५६००जी ची ९५. २०११ चा आय-५ २४०० ९८ च्या आसपास हात टेकतो. मे महिन्यात, खोली ३५ ला असताना, पूर्ण लोडवर ८५ च्या आत राहणारं मशीन नागपूरसाठी ठीक.

भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर मिळाला तर उत्तम. लोडवर ११० वॅट खाणारं मशीन रोज पाच तास चाललं तर महिन्याला साडेसोळा युनिट. जुनं मशीन ठेवायचं की काढायचं, या चर्चेत हा आकडा हाताशी असलेला बरा.

कूलर, भिंत आणि अर्थिंग

नागपुरातल्या बहुतेक घरांत पीसी आणि डेझर्ट कूलर एकाच खोलीत राहतात, आणि हे जुळवणं हे अर्धं काम आहे. कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोली ३०-३२ पर्यंत आणतो आणि पीसीला ते मानवतं. अडचण दमटपणाची कमी आणि तुषारांची जास्त आहे. चालू पीसी खोलीच्या हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. पण खसच्या ताटीतून उडालेले बारीक थेंब थेट कॅबिनेटवर आले की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि क्षार मिळून पांढरट-करडी खपली धरते. ती ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावी लागते. म्हणून कॅबिनेट कूलरच्या झोतात नको, त्याच्या बाजूच्या भिंतीला हवं. समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसती ओल वाढवतो आणि खोली गार होत नाही.

पश्चिमेची भिंत टाळा. दिवसभर तापलेली वीट रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. तिला चिकटून ठेवलेल्या मशीनच्या मागून निघणाऱ्या हवेला वाटच मिळत नाही. मागे किमान सहा इंच जागा हवी. टेबलाखालचा तो बंद 'सीपीयूचा कप्पा' दिसायला छान, पण त्याचं मागचं फळकूट काढून टाका.

कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर कधीही लावू नका. मोटर चालू-बंद होताना येणारा झटका एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) खातो, आणि पंपाची गळती झाली तर ती वीज त्याच बोर्डात येते.

आता अर्थिंग. कॅबिनेटला किंवा मागच्या स्क्रूला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार उन्हाळ्यात वाढते. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल, दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगलं असेल तर तिथली बारीक गळती जमिनीत जाते. अर्थिंग तुटलं असेल तर पत्रा साधारण निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्याच पत्र्यावरून यूएसबी आणि एचडीएमआय जातात, आणि टीव्हीची केबल जोडताना ठिणगी पडून पोर्ट जळतात ते यानेच.

मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून तीन पिनच्या सॉकेटमध्ये तीन मोजमापं घ्या. फेज-न्यूट्रल २२० ते २४०. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे आलं किंवा आकडा स्थिर राहिना, तर अर्थ नाही असं समजा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि इलेक्ट्रोडची मातीवरची पकड सुटते. आठवड्याला बादलीभर पाणी त्या खड्ड्यात ओता आणि पुन्हा मोजा. तरीही आकडा सुधारला नाही तर वायरमनला बोलवा. सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून 'झालं काम' म्हणणारा भेटला तर त्याला थांबवा. बाहेर न्यूट्रल तुटला की पूर्ण फेज कॅबिनेटवर येतो, आणि कूलरच्या पत्र्यावरही.

साफसफाई आणि पेस्ट

वर्षातून दोनदा. एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, कूलर गच्चीवरून उतरायच्या आधी. दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, आधी नाही. रंगकामाआधी भिंतीची पुट्टी घासतात, तो पांढरा भुगा पिठासारखा बारीक असतो आणि चालू पंखा तो थेट आत ओढतो. घरात घासकाम असेल त्या दिवशी पीसी बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

बाल्कनीत न्या, डाव्या बाजूचं झाकण काढा, हाताच्या ब्लोअरने आतून बाहेर हवा मारा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने गरगर फिरवलेला पंखा बेअरिंगही घालवतो आणि मदरबोर्डकडे उलटी वीजही पाठवतो. गॅरेजचा कॉम्प्रेसर वापरू नका, टाकीतलं पाणी सोबत येतं. मग पंख्याच्या पात्यांमधून खाली टॉर्च मारून बघा. जुन्या मशीनमध्ये पंखा आणि हीटसिंक यांच्या मध्ये गोधडीच्या कापसासारखा करडा नमदा बसलेला असतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो आणि खाली हवेला सुईएवढी वाट नसते. त्यासाठी पंखा काढावाच लागतो.

इंटेलच्या डब्यात प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरला (पंखा आणि हीटसिंकच्या जोडीला) चार खिटीवाले पाय असतात, आणि तापणाऱ्या पीसींमध्ये बऱ्याचदा दोष याच पायांत निघतो. पद्धत अशी:

१. पीसी पाच मिनिटं चालवून किंचित गरम करा, बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून उरलेला चार्ज घालवा.

२. पंख्याची वायर काढा. चारही पाय स्क्रू-ड्रायव्हरने घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, वर ओढा. कूलर सरळ न खेचता आधी डावी-उजवीकडे हलकेच वळवा. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये हे न करता खेचलं तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

३. जुनी पेस्ट टिश्यूने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे करा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं.

४. मध्यभागी तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पेस्ट. बोटाने पसरवू नका, दाबाने पसरते. आय-५ १२४०० सारखी लांबट चिप असेल तर छोटी उभी रेघ.

५. चारही पाय घड्याळाच्या दिशेने मूळ जागी फिरवून घ्या, मगच कूलर ठेवा. समोरासमोरचे दोन पाय एकाच वेळी दाबा, मग उरलेले दोन. प्रत्येकाचा 'टक्' आवाज यायला हवा.

६. मदरबोर्डच्या मागून बघा. पांढऱ्या पायाची दोन टोकं फाकलेली आणि मधून काळी खिटी पूर्ण बाहेर आलेली, असं चारही ठिकाणी दिसलं पाहिजे. तीन ठिकाणी दिसलं तर काम परत करा.

एक पाय सुटला की त्या कोपऱ्यात कूलर कागदाएवढा उचलला जातो आणि तापमान १५-२० अंशांनी वर जातं. पाय तुटका असेल तर फेविक्विक लावू नका. चार प्लास्टिकच्या खिट्यांचा संच वेगळा मिळतो, आणि स्क्रूने मागून आवळायची पट्टी असलेला टॉवर कूलर घेतला तर ही कटकटच संपते.

झाकण लावण्याआधी मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पत्र्याच्या पट्ट्या जागेवर आहेत का बघा. पट्टी नसलेल्या फटीतून पाल आत जाते, उबेला एसएमपीएसमध्ये शिरते आणि स्वतःसकट पीसी घेऊन जाते. विनोद नाही, दुरुस्तीवाल्यांना विचारा.

जुन्या मशीनवर पैसा कुठे लावायचा

आय-५ २४०० प्रोसेसर आणि एच६१ मदरबोर्ड, ही जोडी अजून बऱ्याच घरांत आहे. तिचं उदाहरण घेऊ.

सगळ्यात आधी एसएसडी. जुनी हार्ड डिस्क सलग फाईल शंभर-सव्वाशे एमबी प्रति सेकंदाने वाचते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून वाचावे लागतात आणि तिथे तिचा वेग एका एमबीच्या आसपास येतो. साधी साटा एसएसडी तिथे वीस-तीस पट पुढे असते. एच६१ चे साटा पोर्ट ३ गिगाबिटचेच आहेत, म्हणून ५५० लिहिलेली एसएसडी तिथे २७० च्या आसपास चालेल. त्याने रोजच्या वापरात फरक पडत नाही. म्हणूनच महागडी एसएसडी तिथे घालू नका, आणि एनव्हीएमई (नव्या पद्धतीची वेगवान एसएसडी) तर नकोच, हा बोर्ड त्यावरून बूट होत नाही.

इथे एक खड्डा आहे. या बोर्डांच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटाचा मोड बऱ्याचदा 'आयडीई' ठेवलेला असतो. विंडोज टाकण्याआधी तो 'एएचसीआय' करा. विंडोज टाकून झाल्यावर बदललात तर निळी स्क्रीन येईल आणि एसएसडीलाच दोष दिला जाईल.

जुनी हार्ड डिस्क फेकायच्या आधी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने बघा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींत शून्याखेरीज काही दिसलं तर त्यावर एकही फोटो ठेवू नका. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, साटाची केबल बदला.

मग रॅम. एच६१ ला दोनच स्लॉट, जास्तीत जास्त सोळा जीबी डीडीआर३. चार-चारच्या दोन पट्ट्या एका आठच्या पट्टीपेक्षा चांगल्या, कारण दोन्ही वाटा वापरल्या जातात आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सला तेच लागतं. डिस्प्ले येत नाही, बीप वाजतो, तेव्हा पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच घासून अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यानंतर हे हटकून होतं. नवी-जुनी पट्टी एकत्र लावली असेल तर रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ चालवा. एकही चूक आली तरी ती जोडी चालणार नाही.

ग्राफिक्स कार्डावर मात्र इथे पैसा घालवू नये. व्हिडिओ अडखळतात म्हणून लोक स्वस्त कार्ड शोधतात. खरं कारण असं की या पिढीच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सला व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओचे नवे प्रकार उलगडता येत नाहीत, तो भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये जुना एच२६४ प्रकार लादणारं एक्स्टेंशन फुकट मिळतं, ते टाका.

आणि एसएमपीएस. स्टिकरवर ४५० वॅट लिहिलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, असा एसएमपीएस जुन्या असेंबल्ड मशीनमध्ये सर्रास असतो. स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. तिथे १४-१६ अँपिअर असतील तर खरे २०० वॅटही धड मिळत नाहीत. लोडवर १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ च्या खाली गेली तर तो बदलाच. आतले कपॅसिटर उष्णतेने वाळतात. दहा अंश कमी झाले की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, या गावात ते उलट्या बाजूने अनुभवायला मिळतं.

विंडोजचं काय? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढच्या इंटेलवर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल तरच. वळसा घालून टाकता येतं, पण दरवर्षीचं मोठं अपडेट हाताने करावं लागतं. फक्त ब्राउझर, ऑफिसचं काम आणि मुलांचा अभ्यास असेल तर लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासून असतो, सेटिंगमधून जोडला की झालं.

याहून जुनं, म्हणजे कोअर टू ड्युओवालं मशीन असेल, तर एसएसडीपलीकडे एक रुपया नको. आधी बोर्डवरचे उभे कपॅसिटर बघा. डोकं फुगलं असेल किंवा तपकिरी चिकट काही सांडलं असेल तर एसएसडीही नको.

लाईट गेली तर

वादळी पावसाआधीच्या दिवसांत लाईट सेकंदभर जाऊन येते आणि तेच सगळ्यात वाईट. एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर हवा. दुसऱ्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

६०० व्हीएच्या यूपीएसचे खरे वॅट ३६० च्या आसपास असतात. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. थंड जागी तीन वर्षं टिकणारी ही बॅटरी नागपुरात दोन वर्षांत मान टाकते. महिन्यातून एकदा, सगळं सेव्ह करून, सिनेबेंच चालू असताना यूपीएसची मुख्य वायर काढा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत बसला तर बॅटरी बदला. पीसी जागीच बंद पडला आणि यूपीएस मात्र चालू राहिला, तर एसएमपीएस अॅक्टिव्ह पीएफसी या प्रकारचा असून यूपीएसची पायरीसारखी लहर त्याला मानवत नाही, असंही असू शकतं. तिथे साइन वेव्ह यूपीएसच लागतो.

प्रत्येक वेळी लाईट गेल्यावर घड्याळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. कॉम्प्युटरच्या दुकानात जायची गरज नाही, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

नवं जुळवताना

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कोटेशन घ्यायला जाल तेव्हा समोर काच असलेलं, रंगीत दिवे लागलेलं कॅबिनेट आधी दाखवलं जाईल. समोर जाळी असलेलं मागा. पुढे दोन १२० मिमी पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटींतून न येता जाळीतूनच येते, आणि जाळी धुता येते. एसएमपीएस निवडताना तो ४० अंशांवर पूर्ण वॅट देतो की ५० वर, ते बॉक्सवर वाचा, आपल्याला ५० वाला हवा. दिव्यांचे पैसे टॉवर कूलरवर घाला.

काम झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी टेप चिकटवा आणि पेनाने लिहा: पेस्टची तारीख, यूपीएसच्या बॅटरीची तारीख, त्या दिवशीचं खोलीचं तापमान, लोडवरचं तापमान आणि दोन्हींतला फरक. पुढच्या मार्चमध्ये झाकण उघडाल तेव्हा त्याखालीच नवी ओळ लिहा. फरक दहाने वाढलेला दिसला तर पेस्ट, पाचने वाढलेला दिसला तर नुसता ब्लोअर.